साउथ डाउन्सच्या धारेवरून तीन दिवस : हॅसॉक्स ते ईस्टबोर्न पदभ्रमणाचे सविस्तर मार्गदर्शन

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर पसरलेल्या साउथ डाउन्स या टेकड्यांची उंची सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला फारच किरकोळ वाटते. तीन दिवसांच्या या वाटेवरचा सर्वांत उंच माथा, म्हणजे डिचलिंग बीकन, समुद्रसपाटीपासून अवघा २४८ मीटर आहे. असे असूनही लंडन आणि परिसरात राहणारे आपल्याकडचे अनेक उत्साही ट्रेकर पहिल्याच फेरीत इथे दमतात, त्यांच्याजवळचे पाणी संपते, किंवा भर दुपारी जेवणासाठी टेकडी उतरून गावात जावे लागते आणि तोवर खानावळीचे स्वयंपाकघर बंद झालेले असते. असे होते, कारण या टेकड्यांची रचना लक्षात न घेता केवळ नकाशावरचे अंतर पाहून बेत आखला जातो. म्हणून वाटेचे वर्णन करण्याआधी टेकड्यांच्या रचनेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

खडूची धार आणि तिचा हिशेब

साउथ डाउन्स खडूच्या दगडाच्या आहेत. क्रेटेशियस काळाच्या उत्तरार्धात उबदार समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचा थर साचत गेला आणि त्यातून हा पांढरा, मऊ, सच्छिद्र खडक तयार झाला. पुढे भूकवचाला बाक येऊन हे थर मधोमध उचलले गेले आणि उचललेला भाग झिजून गेला. त्याच्या उत्तर कडेला नॉर्थ डाउन्स, दक्षिण कडेला साउथ डाउन्स आणि दोहोंच्या मध्ये वील्ड नावाचा सखल, झाडीचा मुलूख उरला. त्यामुळे साउथ डाउन्सची उत्तरेकडील बाजू एकदम तुटलेली आणि चढी, तर दक्षिणेकडील बाजू समुद्राकडे हळूहळू उतरत जाणारी आहे. एवढे लक्षात ठेवले तरी धुक्यात दिशेचा अंदाज घेता येतो : पूर्वेकडे चालत असताना तीव्र उतार डाव्या हाताला आणि समुद्र उजव्या हाताला असला पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची आहे. खडूत पडलेला पाऊस थेट आत मुरतो, त्यामुळे माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. मुरलेले पाणी उत्तरेच्या पायथ्याशी, जिथे खडूखाली चिकणमातीचा थर लागतो तिथे, बाहेर येते, आणि म्हणूनच जुनी गावे त्या पायथ्याच्या ओळीत वसलेली आहेत. वाट मात्र माथ्यावरून जाते. पाणी, जेवण, बस आणि रात्रीचा निवारा हे सगळे खाली आणि आपण वर, अशी या वाटेची मांडणी आहे. प्रत्येक वेळी खाली उतरायचे म्हणजे साधारण दीडशे मीटर उंची गमवायची आणि ती पुन्हा चढायची. माथ्यावर अधूनमधून दिसणारी गोल तळी मेंढ्यांसाठी तळाशी चिकणमाती थापून बांधलेली आहेत, त्यांचे पाणी पिण्यासाठी नाही.

तिसरी गोष्ट नद्यांची आहे. मीऑन, अरुन, ॲडर, ऊझ आणि ककमिअर या नद्या ही धार आडवी कापून दक्षिणेकडे जातात, त्यामुळे धार सलग नाही. आपल्या तीन दिवसांत त्यांपैकी ऊझ आणि ककमिअर या दोन नद्या लागतात आणि दोन्ही ठिकाणी जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरून पुन्हा माथा गाठावा लागतो. दिवसाचे टप्पे ठरवताना माथ्यांच्या उंचीपेक्षा या नद्यांची खोरी कुठे येतात याकडे अधिक लक्ष द्यावे.

कोणता भाग निवडावा

साउथ डाउन्स वे हा संपूर्ण मार्ग विंचेस्टर ते ईस्टबोर्न असा सुमारे १६० किलोमीटरचा आहे. १९७२ साली तो खुला झाला तेव्हा त्याचे पश्चिमेचे टोक ब्युरिटन येथे होते, पुढे तो विंचेस्टरपर्यंत वाढवण्यात आला. हा सारा प्रदेश २०१० साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. पूर्ण मार्गाला साधारण आठ-नऊ दिवस लागतात आणि तेवढी सलग रजा प्रत्येकाला मिळत नाही, म्हणून या लेखात पूर्वेकडील शेवटचा सुमारे ५५ किलोमीटरचा भाग घेतला आहे. सुरुवातीला आणि शेवटाला रेल्वे स्थानक आहे, मध्येही दोन ठिकाणी रेल्वे मिळते आणि खडूच्या टेकड्या समुद्राला भिडून जिथे कड्यांत संपतात तो सर्वांत देखणा तुकडा याच भागात येतो. चालण्याची दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवावी. इथला वारा बहुतांशी नैऋत्येचा असतो. तो पाठीवर घेऊन चालणे आणि दिवसभर तोंडावर झेलणे यांत किती फरक आहे, हे उघड्या धारेवर तासाभरात कळते.

मे आणि जून हे माझ्या मते उत्तम महिने आहेत. आखूड गवतात ऑर्किड फुलतात, चंडोल दिवसभर आकाशात गात असतो आणि संध्याकाळी नऊपर्यंत उजेड राहतो. सप्टेंबरही चांगला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सावली नसलेल्या धारेवर ऊन लागते आणि पांढऱ्या वाटेवरून परावर्तित होऊन खालूनही चेहरा भाजते. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे हिवाळ्यात येथे दिलेले टप्पे निम्म्यावर आणावेत.

वहिवाटीचा हक्क, खुणा आणि नकाशा

इंग्लंडमधल्या टेकड्या बहुतेक खाजगी मालकीच्या आहेत. आपण चालतो ती जमीन शेतकऱ्याची असते आणि आपला हक्क असतो तो केवळ तिच्यावरून जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेवर. हा हक्क कायद्याने पक्का आहे. शेतातून जाणारी वाट नांगरली गेली तर शेतकऱ्याने ती ठरावीक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. पिकाच्या मधून वाट गेलेली दिसली तर संकोचून बांधाने वळसा घालू नये, सरळ वाटेनेच, एकामागोमाग एक चालावे. याउलट वाट सोडून जवळचा रस्ता म्हणून कुणाच्या शेतात शिरणे गैर आहे. २००० सालच्या कायद्याने काही मोकळ्या गवताळ जमिनींवर वाट सोडून हिंडण्याचीही मुभा मिळाली आहे आणि अशा जमिनी नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवलेल्या असतात.

खांबांवरच्या बाणांचे रंग शिकून घ्यावेत. पिवळा बाण फक्त पादचाऱ्यांसाठी असतो. निळ्या बाणाच्या वाटेवर पादचाऱ्यांबरोबर घोडेस्वार आणि सायकलस्वारही येतात, आणि साउथ डाउन्स वेचा बहुतांश भाग असाच असल्याने मागून सायकल येण्याची शक्यता कायम गृहीत धरावी. लाल बाणाच्या वाटेवर मोटारीही येऊ शकतात. या सगळ्यांसोबत ओकच्या फळाचे पांढरे चिन्ह दिसले की आपण राष्ट्रीय मार्गावर आहोत असे समजावे. या खुणा भरपूर आहेत, तरी त्यांच्यावरच भिस्त ठेवू नये, कारण खांब नेमका नको तिथे पडलेला किंवा झुडपात लपलेला असतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे एक्सप्लोरर मालिकेतील १:२५,००० प्रमाणाचे नकाशे सर्वांत उपयुक्त आहेत. आपल्या भागासाठी ओएल ११ आणि ओएल २५ हे दोन लागतात. त्यांवर शेतांची कुंपणेसुद्धा दाखवलेली असतात, आणि कुंपणाच्या कोणत्या बाजूने वाट जाते हा प्रश्न इथे दिवसातून अनेकदा पडतो. कागदी नकाशाबरोबर मोबाइलवर उतरवून घेण्याचा संकेतांकही मिळतो. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि कागदी प्रत पिशवीत असू द्यावी, कारण धारेच्या उत्तर बाजूच्या खोलगट भागांत नेटवर्क जाते.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी मांडलेला नियम अजूनही कामाला येतो : दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. यात विश्रांती, छायाचित्रे आणि फाटके उघडण्याचा वेळ धरलेला नाही. मित्रमंडळींचा मोठा गट असेल तर आलेल्या उत्तरात निम्म्याने भर घालावी.

बरोबर काय घ्यावे

या वाटेला भारी बूट लागत नाहीत. उन्हाळ्यात चांगल्या पकडीचे हलके चालण्याचे बूट पुरतात. पावसानंतर मात्र खडूचा पृष्ठभाग विरघळून त्याचा पांढरा, दाट लगदा होतो. तो तळव्याच्या खाचांत भरून बसतो आणि एकदा खाचा भरल्या की उताराच्या वाटेवर पकड शिल्लक राहत नाही. मधूनमधून थांबून काडीने किंवा चकमकीच्या दगडाच्या धारेने, जो वाटेवर पावलोपावली पडलेला असतो, खाचा साफ कराव्यात. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी चालण्याच्या काठ्या घ्याव्यातच.

टोपी असलेले, वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारे जाकीट उन्हाळ्यातही सोबत हवे. सुती कपडे घामाने भिजून वाऱ्यात गार पडतात, म्हणून लवकर वाळणारे पातळ कपडे एकावर एक घालावेत. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी घ्यावे. साउथ डाउन्स वेवर काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत आणि त्यांच्या जागा निघण्यापूर्वी नकाशावर टिपून ठेवाव्यात. पाय पूर्ण झाकणारी विजार घालावी, कारण उंच गवतातल्या गोचिडींपासून लाइम रोग होऊ शकतो. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेजवळ आणि काखेत नीट पाहावे, गोचीड आढळल्यास तिच्यासाठीच्या खास चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे.

खाण्याच्या बाबतीत स्वावलंबी असणे बरे. गावातल्या पबमध्ये दुपारचे जेवण बऱ्याचदा दोन-अडीचपर्यंतच मिळते, रविवारी जागा मिळत नाही आणि शाकाहाऱ्यांना निवड थोडी असते. दशम्या, मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, गूळ आणि केळी हा शिधा या हवेत दोन दिवस सहज टिकतो. कचरा टाकण्याचे डबे माथ्यावर नसतात, तेव्हा केळीच्या सालीसह सर्व काही परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी ठेवावी.

मुक्कामाची सोय महिनाभर आधी करावी. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकणे कायदेशीर नाही आणि डार्टमूर या नैऋत्य इंग्लंडमधल्या राष्ट्रीय उद्यानात तंबूंना असलेली सवलत इथे लागू नाही. लुइस आणि आल्फ्रिस्टन या दोन गावांत न्याहारीसह खोल्या मिळतात, तर ऊझ नदीकाठी साउथईझ स्थानकाशेजारी युवा वसतिगृह आहे. शनिवारी एकाच रात्रीसाठी खोली द्यायला अनेक जण नाखूश असतात, म्हणून शक्य असल्यास सोमवार ते बुधवार असे दिवस निवडावेत.

पहिला दिवस : हॅसॉक्स ते लुइस, सुमारे १५ किलोमीटर

लंडनहून हॅसॉक्सला रेल्वेने साधारण एक तास लागतो. स्थानकातून बाहेर पडून रुळांना समांतर जाणाऱ्या पायवाटेने दक्षिणेकडे क्लेटन गाव गाठावे. इथे रेल्वे ज्या बोगद्यात शिरते त्याच्या तोंडावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे बांधकाम आहे. गावातल्या लहानशा चर्चमध्ये मध्ययुगीन भित्तिचित्रे आहेत आणि ती पाहण्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. चर्चपासून चढ सुरू होतो आणि माथ्यावर जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या दिसतात. पांढरी लाकडी जिल १८२१ साली ब्रायटनमध्ये बांधली गेली आणि १८५२ च्या सुमारास बैलांच्या साहाय्याने ओढून इथे आणली गेली.

या ठिकाणी एक निर्णय घ्यायचा असतो. सरळ पूर्वेकडे गेले तर डिचलिंग बीकन तासाभरात येते. पण पायांत बळ असेल आणि सकाळी लवकर निघाला असाल, तर इथून दक्षिणेकडे साधारण अडीच-तीन किलोमीटरवर असलेल्या छत्रीला, म्हणजे हिंदी सैनिकांच्या स्मारकाला, जाऊन यावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांवर ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये आणि शहरातल्या इतर इस्पितळांत उपचार होत. त्यांपैकी मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांवर या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. त्याच जागी पांढऱ्या संगमरवराची घुमटाकार छत्री उभारण्यात आली. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी केला आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे अनावरण झाले. छत्रीपर्यंत मोटारीचा रस्ता जात नाही, पायीच यावे लागते. खालच्या पायरीवर उभे राहिले की समोर ब्रायटन शहर आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो, तर चबुतऱ्यावर दहनाच्या जागा झाकणाऱ्या ग्रॅनाइटच्या तीन शिळा आहेत. सैनिकांची नावे कोरलेला शिलालेख २०१० साली शेजारी बसवण्यात आला आहे. ती नावे सावकाश वाचावीत. ही भेट धरून दिवसाचे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास जाते.

पवनचक्क्यांपासून पूर्वेकडे वाट रुंद आणि सोपी आहे. डिचलिंग बीकनवर लोहयुगीन तटबंदीच्या खुणा आहेत, आता मात्र तिथे वाहनतळ असल्याने गर्दी असते. उत्तरेकडे संपूर्ण वील्ड आणि स्वच्छ हवेत क्षितिजावर नॉर्थ डाउन्सची रेघ दिसते. ही दृश्ये पाहून घ्यावीत, पण विसाव्यासाठी आणखी अर्धा तास पुढे जावे. तिथल्या मेंढ्यांनी चरून आखूड ठेवलेल्या हिरवळीवर बसून हातभर जागा नीट न्याहाळली तर रानटी ओवा, बारीक पिवळी शेंगफुले आणि निळी घंटेसारखी फुले इतक्या दाटीने दिसतात की निव्वळ गवत शोधावे लागते. अशा खडूच्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत वनस्पती आढळू शकतात. खत न टाकलेल्या, शतकानुशतके चराई झालेल्या जमिनीवरच हे घडते. नांगरलेली जमीन पुन्हा तशी व्हायला कित्येक पिढ्या जातात.

पुढे प्लम्टन प्लेननंतर साउथ डाउन्स वेचा बाण उजवीकडे, दक्षिणेला वळतो. ही दिवसभरातली चुकण्याची एकमेव जागा आहे. आपल्याला लुइसला जायचे असल्याने राष्ट्रीय मार्ग इथे सोडून सरळ ब्लॅककॅप या झाडांच्या माथ्याकडे जावे. तिथून उतरणारी सोंड जुन्या घोडशर्यतीच्या मैदानाजवळून थेट गावात येते. याच उतारांवर १४ मे १२६४ रोजी सायमन द माँटफर्ट या बंडखोर सरदाराने तिसऱ्या हेन्री राजाचा पराभव केला. लुइस हे किल्ल्याचे, अरुंद गल्ल्यांचे गाव आहे आणि मुक्कामासाठी ते उत्तम आहे.

दुसरा दिवस : लुइस ते आल्फ्रिस्टन, सुमारे २३ किलोमीटर

हा तिन्हींतला सर्वांत लांबीचा दिवस आहे. नेस्मिथच्या नियमाने शुद्ध चालण्याचे साडेपाच तास होतात. प्रत्यक्षात आठ तास धरून सकाळी आठपूर्वी निघावे आणि दुपारच्या जेवणाचे सामान लुइसमध्येच घ्यावे. गावाच्या दक्षिणेकडून जग्ज रोड या जुन्या वाटेने किंग्स्टन गाव गाठावे. ब्रायटनहून मासळी लुइसच्या बाजारात आणण्याची ही वाट होती. किंग्स्टनमागचा चढ खडा असला तरी एकदा माथा गाठला की पुन्हा साउथ डाउन्स वे मिळतो आणि पुढचे पाच-सहा किलोमीटर ऊझ नदीच्या खोऱ्यावरून जवळजवळ सपाट चाल मिळते.

या भागात गायींचे कळप हमखास भेटतात आणि त्यांच्याविषयी स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. वासरे सोबत असलेल्या गायी इथे सर्वांत धोकादायक ठरतात. कळपाच्या मधून न जाता मोठा वळसा घ्यावा, गाय आणि वासरू यांच्या मध्ये कधीही येऊ नये, धावू नये, हातवारे करू नयेत. सोबत कुत्रा असेल तर तो एरवी आखूड दोरीने धरावा, पण गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्यावी, कारण तिचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो पळून जाऊ शकतो. कळपाने वाट अडवलेली असेल तर कुंपणाकडेने सुरक्षित वळसा घेण्यात गैर काही नाही.

फाटकांचाही एक शिष्टाचार आहे. उघडे असलेले उघडे आणि बंद असलेले बंद ठेवायचे. गटातल्या शेवटच्या माणसाने कडी बसल्याची खात्री करायची. काही ठिकाणी अर्धगोल कठड्यात झुलणारे छोटे फाटक असते, ज्यातून माणूस जाऊ शकतो पण जनावर जात नाही. पाठीवर मोठी पिशवी असेल तर अशा फाटकात अडकायला होते. पिशवी काढून डोक्यावर धरावी, आत जाऊन कोपऱ्यात उभे राहावे, फाटक आपल्यासमोरून दुसऱ्या बाजूला ढकलावे आणि मग बाहेर पडावे.

साउथईझला वाट पूर्णपणे खाली उतरते. गोल मनोऱ्याचे चर्च, भरती-ओहोटीच्या ऊझ नदीवरचा पूल, रेल्वे स्थानक आणि वसतिगृहाचे उपाहारगृह अशा क्रमाने ठिकाणे येतात. पाणी इथे काठोकाठ भरून घ्यावे. गटात कुणाचे पाय दुखत असतील, हवा बिघडली असेल किंवा दुपारचे दोन वाजून गेले असतील, तर चाल इथेच थांबवून रेल्वेने लुइसला परतावे, कारण यानंतर आल्फ्रिस्टनपर्यंत बारा किलोमीटर उघडी धार आहे आणि मध्ये आसरा नाही.

इटफर्ड हिलचा चढ या मार्गावरचा सर्वांत दमवणारा चढ आहे, तो भरल्या पोटी चढू नये. वर आल्यावर बेडिंगहॅम हिलवरील उंच मनोरे ओलांडून २१७ मीटर उंचीच्या फर्ल बीकनवर यावे. उजवीकडे न्यूहेवन बंदर आणि समुद्र, डावीकडे एकदम खाली शेतांची चौकट, आणि वारा चांगला असेल तर डोळ्यांच्या पातळीवर तरंगणारे पॅराग्लायडर दिसतात. माझ्या मते तीन दिवसांतला सर्वांत मोकळा भाग हाच आहे. बॉस्टल हिलनंतर आल्फ्रिस्टनकडे उतरणारी वाट गुळगुळीत खडूची आहे आणि ओली असताना ती फार घसरते, तेव्हा मधोमध न चालता कडेच्या गवतावरून उतरावे.

आल्फ्रिस्टनमध्ये हिरवळीच्या मैदानाशेजारी चौदाव्या शतकातले गवताने शाकारलेले पाद्र्याचे घर आहे. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकत घेतलेली ही पहिली वास्तू होय. १८९६ साली ती अवघ्या दहा पौंडांना घेण्यात आली. गावाला रेल्वे नाही, सर्वांत जवळचे बेरिक स्थानक चार-पाच किलोमीटरवर आहे.

तिसरा दिवस : आल्फ्रिस्टन ते ईस्टबोर्न, सुमारे १७ किलोमीटर

आल्फ्रिस्टनहून ईस्टबोर्नला दोन अधिकृत वाटा आहेत. आतली वाट विंडोव्हर हिलवरून, टेकडीच्या उतारावर कोरलेल्या ७२ मीटर उंचीच्या लाँग मॅन या मानवाकृतीच्या माथ्यावरून, जेव्हिंग्टन गावामार्गे जाते. ती अंतराने कमी असून सायकलस्वार आणि घोडेस्वारांनाही खुली आहे. दुसरी वाट किनाऱ्याची, केवळ पादचाऱ्यांसाठी आहे. हवेचा अंदाज चांगला असेल तर किनाऱ्याचीच वाट घ्यावी. दाट धुके किंवा जोराचा वारा असेल तर मात्र मन घट्ट करून आतल्या वाटेने जावे.

किनाऱ्याची वाट ककमिअर नदी ओलांडून लिटलिंग्टन गावातून फ्रिस्टनच्या बीच वृक्षांच्या जंगलात शिरते. तीन दिवसांत सावली मिळते ती इथेच. जंगल संपताना एका दगडी भिंतीवरून पलीकडे पाऊल टाकले की खाली ककमिअरची नागमोडी वळणे एकदम समोर येतात. एक्सीट येथे उद्यानाचे केंद्र, स्वच्छतागृह आणि बस थांबा आहे. ब्रायटन आणि ईस्टबोर्न यांमध्ये धावणारी कोस्टर बस इथे थांबते, त्यामुळे एकाच दिवसाचा वेळ असणाऱ्यांनी बसने इथे येऊन पुढचा भाग केला तरी चालेल.

इथून सेव्हन सिस्टर्स सुरू होतात. समुद्राने खडूची धार कापून उभे कडे केले आहेत आणि धारेतल्या जुन्या कोरड्या दऱ्या कड्यावर अर्धवट लटकत राहिल्या आहेत. प्रत्येक दरी म्हणजे एक उतार आणि एक चढ. पहिला माथा हेवन ब्रो ७७ मीटर उंच असून तोच सर्वांत मोठा आहे. उंची थोडी असली तरी लागोपाठच्या चढउतारांनी मांड्या भरून येतात. हा भाग घाईने करू नये.

कड्याच्या काठाविषयी सांगायचे ते असे. खडू मऊ आहे, लाटा त्याला खालून पोखरतात आणि वरचा हिरवळीचा थर पोकळीवर पुढे आलेला असतो. वरून पाहताना पायाखाली भक्कम जमीन आहे असे वाटते, प्रत्यक्षात तिथे हातभर जाडीचा अधांतरी भाग असू शकतो. कडे कोसळण्यापूर्वी कोणतीही सूचना मिळत नाही. काठापासून निदान पाच मीटर, आणि वारा असेल तर त्याहून बरेच लांब राहावे, छायाचित्रासाठी काठावर बसू नये, आणि लहान मुलांचा हात सोडू नये. समुद्र कडा किती खातो याची कल्पना बेल टूट या जुन्या दीपगृहावरून येते : १९९९ साली ही संपूर्ण इमारत उचलून रुळांवरून १७ मीटर मागे सरकवावी लागली. कड्यांचे उत्तम छायाचित्र हवे असेल तर ते नदीच्या पश्चिमेकडील सीफर्डच्या बाजूने मिळते, त्यासाठी जीव धोक्यात घालण्याची गरज नाही. कड्यांच्या पायथ्याशी किनाऱ्यावरून एक्सीटपासून बर्लिंग गॅपपर्यंत चालत जाण्याचा मोह टाळावा. भरती आली की मध्ये वर चढायला वाट नाही.

बर्लिंग गॅपला उपाहारगृह आहे. इथे चहा घेऊन पुढचा बेल टूटचा आणि त्यानंतर १६२ मीटर उंचीच्या बीची हेडचा चढ सावकाश चढावा. कड्याखाली समुद्रात उभे असलेले लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह १९०२ सालचे आहे, ते काठापासून दूर, रुंद वळणावर उभे राहूनही दिसते. पुढे वाट झुडपांतून उतरत ईस्टबोर्नच्या किनारी रस्त्याला लागते. मार्ग इथे संपला तरी रेल्वे स्थानक आणखी अडीच किलोमीटरवर आहे, हे गाडीची वेळ ठरवताना विसरू नये. लंडन व्हिक्टोरियाला पोहोचायला सुमारे दीड तास लागतो.

अडचण आल्यास

आणीबाणीत ९९९ किंवा ११२ हा क्रमांक लावावा. धारेवर पोलिसांची आणि कड्यांवर किंवा किनाऱ्यावर तटरक्षक दलाची मदत मागावी. आपण कुठे आहोत हे सांगण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेच्या जाळीचे अक्षर-आकडे वाचायला शिकावे. मोबाइलवरील त्यांच्या ॲपमध्ये ते आपोआप दिसतात. आवाज जात नसेल तेव्हा ९९९ ला लघुसंदेश पाठवता येतो, पण त्यासाठी घरूनच ‘रजिस्टर’ हा एक शब्द इंग्रजीत त्या क्रमांकावर पाठवून नोंदणी पूर्ण करावी लागते. ही नोंदणी गटातल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी करावी. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचण्याची अंदाजे वेळ घरमालकाला सकाळीच कळवून ठेवावी.

हे तीन दिवस नीट पार पडले तर उरलेला पश्चिमेचा भाग अशाच तुकड्यांत करता येतो. ॲम्बर्ली स्थानक अगदी वाटेलगत असल्याने तिथून हॅसॉक्सपर्यंत दोन दिवसांचा टप्पा सोयीचा पडतो, आणि विंचेस्टर ते ॲम्बर्ली हा भाग सर्वांत शेवटी ठेवावा, कारण त्यात मुक्कामाची गावे विरळ आहेत आणि खोल्यांची जुळवाजुळव आधीपासून करावी लागते.